माहेर कुठलं गं तुझं?

आजीच्या डाव्या हातावर, मनगटाच्या चार बोटं वर, तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं. मूळचं काळं असणार, पण कातडी सैल पडत गेली तसं ते विटून शेवाळी झालं, आणि तुळशीची एक फांदी सुरकुतीत पार बुडून गेली. लहानपणी मी थुंकी लावून ते पुसायला बघायचो. आजी हात पुढं करून म्हणायची, "चोळ, चोळ. सरणावर बी जायाचं न्हाई ते. तेवढंच माझ्याबरूबर येणार हाय."

तसल्याच नमुन्याची आणखी दोन वृंदावनं कुठंतरी असली पाहिजेत. गावच्या वेशीत एक गोंदणारीण येऊन बसली होती आणि तिच्यापुढं तिघी पोरी ओळीनं हात धरून बसल्या, एवढं नक्की. मोबदल्यात सूपभर जोंधळे दिले की पदरचा आणा, यावर आजीचं आणि तिच्या धाकट्या बहिणीचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. तिघींतली एक माझी आजी. दुसरीला सगळे भिंगरी म्हणायचे. तिसरी अबोल होती, तिचं टोपणनावसुद्धा कुणाच्या लक्षात राहिलं नाही. वयं चौदा-पंधराची.

आमचं गाव निपाणीपासून चालत तासाभरावर. तिघी रोज पहाटे भाकरी फडक्यात बांधून तंबाखूच्या वखारीत चाळायला जायच्या. वखारी म्हणजे निपाणीचा जीव, आणि निपाणीचा खोकलाही तोच. खाट असा चढायचा की नवी बाई पहिले चार दिवस नुसती शिंकत असायची. संध्याकाळी ती गोठ्यात शिरली की लुगड्याच्या वासानं म्हैस पान्हा चोरायची, असं आजी सांगायची. म्हशीचं खरंखोटं म्हैस जाणे. पण आजीच्या ट्रंकेतलं लग्नातलं पातळ आम्ही तिच्या म्हातारपणी उघडलं, तेव्हा मला दोन शिंका आल्या होत्या.

तर ते साल. "गांधीबाबाला मारलं त्या सालची गोष्ट," आजी म्हणायची. कधी म्हणायची, "त्येच्या आदल्या सालची." धाकटी आजी म्हणायची की धान्य कंट्रोलात होतं आणि जत्रेला न्यायला गूळ मिळाला नव्हता, म्हणून तिला आठवतं. गुळाचा पुरावा मला जास्त भरवशाचा वाटतो. मार्गशीर्षातली पुनव, जिला आमच्याकडं रांडाव पुनव म्हणतात. त्या दिवशी यल्लम्माचा चुडा उतरवतात. गावातून चार-पाच बैलगाड्या सौंदत्तीला निघाल्या. वाटेत चार मुक्काम. गाडीत दशम्या, शेंगांची चटणी, मडकंभर खरडा आणि आंबिलीसाठी जोंधळ्याच्या कण्या. भिंगरी आणि ती अबोल, दोघी गेल्या. आजीला हिवताप भरला होता म्हणून तिला घरी ठेवलं. म्हणजे पुढचं सगळं आजीनंही ऐकलेलंच, आणि मी तर ऐकलेल्याचं ऐकलेलं सांगतोय.

डोंगरावर भंडारा उधळत होता, "उदं गं आई उदं" चाललं होतं, जोगळभावीवर आंघोळीला रीघ लागली होती. दोघी पोरी आंघोळ करून वर आल्या आणि बांगडीवाल्याकडं जाऊन येतो म्हणाल्या. त्या आल्याच नाहीत. गाड्या दोन रात्री थांबल्या. माणसं पाळ्या करून डोंगर धुंडाळत होती. तिसऱ्या दिवशी बैलांचा कडबा संपला, तेव्हा निघाली.

ह्या गोष्टीचं शेपूट आजी दर वेळी वेगळं सांगायची. एकदा होती बांगड्यांचीच गर्दी, चेंगराचेंगर. एकदा पाण्यात पाय घसरला. एकदा मुंबईचा माणूस, पायात बूट असलेला. आणि फार क्वचित, बहुतेक मी झोपलोय असं समजून, ती धाकट्या आजीला म्हणायची, "येक बाई हुती म्हणं. नेसल्याली चांगली. बोलायला ग्वाड."

मुंबई हे नाव त्यात उगाच येत नव्हतं. सौंदत्तीच्या डोंगरावरून कामाठीपुऱ्याकडं जाणारी वाट आमच्या भागाला माहीत होती. देवीला पोरी सोडायला बंदी करणारा मुंबई इलाख्याचा कायदा १९३४ चा, कर्नाटकाला तोच विषय पुन्हा १९८२ साली कायद्यात घालावा लागला. मधल्या अठ्ठेचाळीस वर्षांत किती पोरी त्या वाटेनं गेल्या, याचा हिशेब आमच्या गावातल्या बायका आपापल्या पद्धतीनं ठेवायच्या. "तिची पोरगी मुंबईला हाय," असं कुणी खालच्या आवाजात म्हटलं की पुढं कुणी विचारत नसे.

भिंगरीचा भाऊ मुंबईला गेला. गिरणीत बदली कामगार म्हणून राहिला, सुट्टीच्या दिवशी गल्ल्या फिरायचा. मला ह्यात एक गोष्ट नेहमी चटका लावते. पोरी हरवल्या तेव्हा निपाणी, सौंदत्ती आणि मुंबई एकाच राज्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ ला निपाणी आणि सौंदत्ती म्हैसूर राज्यात गेली, मुंबई पलीकडं राहिली. त्याच वर्षी १७ जानेवारीला बेळगावात गोळीबार झाला होता. पुढं महाजन आयोगानं १९६७ मध्ये निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं लिहिलं आणि बेळगाव देऊ नये असं लिहिलं. ते सगळं कागदावरच राहिलं. भाऊ मधे एकदा सुट्टीवर आला आणि ठाण्यात चौकशीला गेला, तर जुना कागद मराठीत आणि समोरचा अंमलदार कानडी. "ह्ये तिकडचं हाय," असं त्याला सांगितलं. मुंबईत विचारलं तर तिथं म्हणाले, तुमच्याकडचं आहे. ठाणं कुठलं ते सांगण्यात आता अर्थ नाही. त्या भावानं नंतर सीमाप्रश्नावर कुणी तावातावानं बोलू लागलं की पान जुळवायला घ्यायचं आणि चुन्याची डबी उघडझाक करत बसायचं, एवढंच मी पाहिलंय.

आम्हा नातवंडांना ह्या गोष्टीचा जाच जत्रेत व्हायचा. आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाची भाकणूक ऐकायला जायचं म्हणजे आजी माझं मनगट आपल्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधायची. खरी गाठ, निरगाठ. मला मुतायला जायचं तरी तिला उठावं लागायचं. वर, निघायच्या आधी परीक्षा. "नाव सांग. बाचं नाव सांग. गाव सांग." मराठीत झालं की कानडीत. "नन्न हेसरु" पासून "ऊरु निप्पाणी, तालूक चिक्कोडी" पर्यंत. आजीला स्वतःला कानडी बाजारापुरतंच येत होतं, पण हे दोन वाक्यांचं कानडी तिनं शेजारणीकडून घोटून घेतलं होतं. पोरगं कुठल्या भाषेत हरवंल काय सांगावं, असं तिचं म्हणणं.

मुलं पळवणारे कोण असतात, हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. झोळीवाला गोसावी. पुलाचा ठेकेदार, कारण पायात नरबळी घातल्याशिवाय पूल उभा राहत नाही. हिडकलचं धरण चाललं होतं तेव्हा ह्या बोलण्याला फारच ऊत आला होता म्हणे. आमच्या आधीच्या पिढीनं राधानगरीबद्दल हेच ऐकलं होतं. वेदगंगेच्या पुलावरून एसटी जाताना आम्ही पोरं श्वास धरून बसायचो.

१९९६ च्या दिवाळीच्या आगेमागे मी निपाणीला कॉलेजात होतो. आजी तेव्हा घरीच बिड्या वळायची. सोप्यात चार-पाच जणी सुपं मांडीवर घेऊन बसायच्या, ओल्या पोत्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, कात्रीची कचकच. मला वाचता येतं ह्याचं त्या घराला फार कौतुक, म्हणून पेपर मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडं. कोल्हापूरची बातमी होती. अंजनाबाई गावित, तिच्या दोन मुली, सीमा गावित आणि रेणुका शिंदे. रेणुकाचा नवरा किरण शिंदे, जो पुढं माफीचा साक्षीदार झाला. जत्रा, देवळं, एसटी स्टँड अशा गर्दीत पाकिटं मारायची, गळ्यातलं ओढायचं. आणि कडेवर लहान मूल असलं की लोक मारत नाहीत, सोडून देतात, हे त्यांच्या ध्यानात आलेलं. म्हणून १९९० पासून दुसऱ्यांची मुलं उचलायची. काम झालं, किंवा मूल रडायला लागलं, की...

पुढचं मी वाचलं नाही. वाचायची गरजही उरली नव्हती, कारण कात्र्या थांबल्या होत्या.

आजीनं विचारलं, "नाव काय म्हनालास थोरलीचं?"

"रेणुका."

तिनं दोन्ही हात कानांवर ठेवले. जर्दा लागलेले हात, तसेच. यल्लम्माचंच नाव ते. सौंदत्तीच्या डोंगरावरच्या आईचं. शेजारची कुणीतरी म्हणाली, "नावात काय हाय गं आक्का, घरोघर रेणुका हायत." आजी काही बोलली नाही. बऱ्याच वेळानं कट्टा बांधता बांधता म्हणाली, "बायाच हुत्या बघ." मला वाटलं ती पेपरातल्यांबद्दल बोलतीय.

आता वाटतं, तिच्या मनातली ती चांगली नेसलेली, गोड बोलणारी बाई त्या दिवशी पन्नास वर्षांनी पुराव्यानिशी समोर उभी राहिली. आम्ही सगळे झोळीकडं बघत राहिलो. एसटीत जिला आपण सरकून जागा देतो, मूल जरा धर म्हटलं तर जी आनंदानं धरते, तिच्याकडं कोण बघणार? आणि झोळीवाल्यांचं काय झालं तेही सांगितलं पाहिजे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, मंगळवेढ्याकडून भिक्षेला आलेली, मुलं पळवणारी समजून गावानं ठेचून मारली. आमच्या दारात तसले गोसावी यायचे तेव्हा आजी आम्हाला आत कोंडायची, आणि मग बाहेर जाऊन त्यांना भाकरी वाढायची. कोरड्यासासकट. दोन्ही गोष्टी ती मनापासून करायची.

अंजनाबाई खटला उभा राहण्याआधीच, १९९७ साली तुरुंगात मेली. दोघी बहिणींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं २००१ मध्ये फाशी सुनावली, आणि ३१ ऑगस्ट २००६ ला सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. तेरा मुलं पळवलेली, पाच खून शेवटपर्यंत शाबूत. तोवर आजीला दिसायला कमी झालं होतं, पण हिशेब पक्का. बिड्या मोजून मोजून झालेला. मी वाचून संपवल्यावर ती म्हणाली, "तेरातली पाच गेली. आठ ऱ्हायली. त्येंचं काय झालं?"

मी म्हटलं, खटला एवढ्याचाच होता.

"त्येंच्या आयांनी काय करायचं?"

कायद्यात ह्याला उत्तर आहे. सात वर्षं ज्याची खबर, ज्यांना लागायला हवी त्यांनाही लागली नाही, तो मेला असं धरता येतं. २०२४ पर्यंत ते पुरावा कायद्याचं १०८ वं कलम होतं. धर्मशास्त्र जरा जास्त धीर धरतं, तिथं बारा वर्षांची वाट सांगितलीय. मग पळसाच्या ३६० देठांचा देह करून त्याला अग्नी द्यायचा. भिंगरीच्या भावाला एका भटजींनी हे सुचवलं होतं. तो तयारही झाला होता, पण आई आडवी पडली. जिवंत पोरीला जाळतोस व्हय, म्हणाली. ती आई गेली तेव्हा भावाचं वय साठीला आलं होतं.

निकालानंतर तीन आठवड्यांनी सर्वपित्री आली. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांनाही त्या दिवशी पान वाढता येतं. आमच्या घरी आजीच्या सांगण्यावरून एक पान नेहमी वेगळं मांडायचे, हायवेवर गेलेल्यांसाठी. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी निपाणीला रस्ता अडवून बसले होते, शरद जोशींचं ते आंदोलन. ६ एप्रिलला गोळीबार झाला, बारा माणसं गेली. आजी तिथं आठ-दहा दिवस भाकरी थापून पाठवत होती. मी पाच वर्षांचा असेन, उन्हात गाड्यांखाली झोपलेली माणसं तेवढी आठवतात. त्यांना तिथी होती, दगडही आहे, तरी आजी त्यांना पान मांडायची. त्या वर्षी माझी बायको सहज म्हणाली, "आजी, तुमच्या त्या मैत्रिणींचं पण मांडूया का एक?"

आजी म्हणाली, "कशाला? त्या कुठं मेल्यात."

२०२२ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं त्या दोघी बहिणींची फाशी जन्मठेपेवर आणली. दयेच्या अर्जाचा निकाल लावायला सरकारनं ७ वर्षं १० महिने लावले म्हणून. ते मी फोनवर एकट्यानंच वाचलं. आजी जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

तिची एक सवय मला तेव्हा फार लाजिरवाणी वाटायची. एसटीत, दवाखान्यात, लग्नात, कुठंही तिच्या वयाची बाई शेजारी बसली की पाच मिनिटांत हा प्रश्न. "माहेर कुठलं गं तुझं?" म्हाताऱ्यांची चौकशीची खोड, असंच समजायचो मी. कोल्हापूरला डोळे दाखवून परत येत होतो, बहुतेक शेवटच्याच खेपेला. कागलला एक म्हातारी चढली, हातात मुंबईतल्या दुकानाची पिशवी. आजी सरकली. कोगनोळी यायच्या आत प्रश्न आला.

"माहेर व्हय? सौंदत्तीच्या अंगाला," ती म्हणाली. "लई सालं झाली. कोन न्हाई आता तिथं."

आजीनं फडकं सोडलं, चपाती-चटणीची गुंडाळी अर्धी मोडून तिच्यापुढं धरली. घेताना तिच्या हातातल्या बांगड्या मागं सरकल्या. आजीनं तो हात तसाच धरून ठेवला आणि डोळ्यांपाशी नेला, अगदी जवळ. मीही वाकून बघितलं. तिथं विंचू होता, नांगी वर केलेला.

"छान गोंदलंय," आजी म्हणाली, आणि उरलेली अर्धी खायला लागली.