ओट्रँटोचा किल्ला आणि एक बनावट प्रस्तावना

लंडनमध्ये २४ डिसेंबर १७६४ रोजी एक लहानशी कादंबरी विक्रीस आली. नाव ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’, प्रती अवघ्या ५००. मुखपृष्ठावर अनुवादक म्हणून विल्यम मार्शल आणि मूळ इटालियन लेखक म्हणून ओनुफ्रिओ मुराल्तो या धर्मगुरूचे नाव होते. उत्तर इंग्लंडमधील एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथसंग्रहात हे पुस्तक सापडले, ते १५२९ साली नेपल्स येथे छापले गेले होते, असे प्रस्तावनेत सांगितले होते.

यातले काहीही खरे नव्हते. मार्शल नव्हता, मुराल्तो नव्हता, नेपल्सची प्रतही नव्हती.

खरा लेखक होता होरेस वॉलपोल : इंग्लंडचे पहिले पंतप्रधान मानल्या जाणाऱ्या रॉबर्ट वॉलपोल यांचा मुलगा आणि स्वतः पार्लमेंटचा सभासद. थेम्सकाठच्या ट्विकनहॅम येथे त्याने ‘स्ट्रॉबेरी हिल’ हे आपले घर मध्ययुगीन धाटणीने सजवले होते. १७६४ च्या जूनमध्ये त्याला स्वप्न पडले : प्राचीन किल्ला, भव्य जिना आणि वरच्या कठड्यावर चिलखतातला एक अवाढव्य हात. त्याच संध्याकाळी तो लिहायला बसला. कथा कुठे जाणार हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हते. दोन महिन्यांच्या आत कादंबरी पुरी झाली.

कथेचा आरंभच आकस्मिक मृत्यूने होतो. ओट्रँटोचा राजा मॅन्फ्रेड याच्या मुलाचे लग्न ठरलेले असते. त्याच दिवशी आकाशातून एक प्रचंड शिरस्त्राण कोसळते आणि वर त्याखाली चिरडून मरतो. हे शिरस्त्राण आले कोठून? पूर्वीचा राजा आल्फॉन्सो याच्या काळ्या संगमरवरी पुतळ्यावरही अगदी तसेच शिरस्त्राण असते, एवढाच धागा वाचकाच्या हाती लागतो. पुढे चित्रातला आजोबा सुस्कारा टाकून चौकटीबाहेर उतरतो, पुतळ्याच्या नाकातून रक्ताचे तीन थेंब गळतात, भुयारातून एक तरुणी जीव मुठीत धरून पळते. या साऱ्याच्या मुळाशी मात्र भुताटकीहून साधी गोष्ट निघते : विषप्रयोग, बनावट मृत्युपत्र आणि बळकावलेले राज्य. अंधाऱ्या वातावरणातील अद्भुत रहस्यकथेचा सांगाडा इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसतो.

‘मंथली रिव्ह्यू’ या नियतकालिकाने आधी पुस्तकाचे बरे स्वागत केले. जुन्या काळातील भाबड्या माणसांची कथा म्हटल्यावर भुतेखेते चालवून घेता येत होती. १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीत वॉलपोलने लेखन आपले असल्याचे कबूल केले आणि ‘एक गॉथिक कथा’ हे उपशीर्षक जोडले. ‘गॉथिक’ म्हणजे तेव्हा मध्ययुगीन, बरेचसे रानटी. जुन्या अद्भुतकथेची मुक्त कल्पना आणि नव्या कादंबरीतील माणसांचे खरे वागणे यांचा मेळ घालण्याचा हा प्रयत्न आहे, असा खुलासाही त्याने केला. त्याच नियतकालिकाने आता सूर बदलला : सुधारलेल्या युगातील सुशिक्षित माणसाने असल्या अंधश्रद्धा पुन्हा उभ्या कराव्यात हे त्यांना रुचेना. कथा तीच होती. बदलले होते फक्त तिचे वय.

वॉलपोलने पुढे दुसरी कादंबरी लिहिली नाही. पण बनावट प्राचीनतेने त्याला पुन्हा एकदा गाठले.

मार्च १७६९ मध्ये ब्रिस्टलहून थॉमस चॅटर्टन नावाच्या मुलाने त्याला काही मजकूर पाठवला. पंधराव्या शतकातील रौली नावाच्या धर्मगुरूचे हे लेखन, असे त्याने कळवले. वॉलपोलने अगत्याने उत्तर दिले. रौलीच्या कविता छापण्याची तयारीही दाखवली. मग चॅटर्टनने आपली हकीकत कळवली : आपण विधवेचा मुलगा, वकिलाकडे उमेदवारी करतो. थॉमस ग्रे आणि विल्यम मेसन या कवीमित्रांनी कविता बनावट ठरवल्या होत्या. वॉलपोलने मुलाला आपला पेशा सांभाळण्याचा सल्ला दिला. कागद परत मिळवण्यासाठीही त्याला पुन्हा पुन्हा लिहावे लागले.

रौली हा चॅटर्टनचाच मुराल्तो होता. फरक एवढाच की, सोंग उतरल्यावर एकाच्या पाठीशी घराणे होते, दुसऱ्याच्या पाठीशी कोणी नव्हते.

ऑगस्ट १७७० मध्ये लंडनमधील भाड्याच्या खोलीत चॅटर्टन मृतावस्थेत सापडला. पोटात आर्सेनिक गेले होते, वय १७. दोष वॉलपोलच्या माथी मारला गेला. खरे तर मधे वर्षभराहून अधिक काळ लोटला होता आणि दोघांची भेट कधीच झाली नव्हती. तरी बोल लागला तो लागलाच. १७७९ मध्ये वॉलपोलने स्वतःच्या बचावाचे पत्र पुस्तिकारूपाने काढले. प्रती २००, आणि छपाई स्ट्रॉबेरी हिलच्या घरच्या छापखान्यात. हा छापखाना १७५७ पासून चालू होता. ‘ओट्रँटो’ छापायला मात्र त्याने बाहेर दिले होते.