मावळे, मातीचे

दिवाळीत मुले अंगणात दगडमातीचा किल्ला बांधतात, त्यावर मांडायच्या रंगीत सैनिकमूर्ती म्हणजे हे मावळे. माथ्यावर सिंहासनावर शिवाजी महाराज, खाली बुरुजांवर, दारांत नि चोरवाटांवर भालाईत, ढाल-तलवारवाले, तुतारीवाला, तोफेजवळचा गोलंदाज. महाराजांची मूर्ती इतरांहून मोठी असते. प्रमाण बिघडते, पण मान राखला जातो. डोंगरउतारावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ वाढवतात.

मूर्ती शाडू, साधी माती किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसच्या असतात. साच्यातून काढून सांधे पुसायचे, वाळू द्यायच्या आणि पांढऱ्या रंगाचा एक हात द्यायचा. नंतर अंगाचा रंग, मग मुंडासे, अंगरखा, चोळणा, कमरेचा शेला. डोळे व मिशी सर्वांत शेवटी, बारीक कुंचल्याने. बुबुळ जरा सरकले, तर पहारेकरी भेदरलेला दिसतो. बाजारातल्या मूर्तींना बहुधा एकाच रंगाचे कपडे असतात. हे इतिहासाला धरून नाही. शिवकालीन मावळ्यांना आजच्यासारखा गणवेश नव्हता. घरी रंगवणाऱ्याने प्रत्येकाचे मुंडासे वेगळे रंगवावे. त्यानेच तो कोण्या एका गावचा, कोण्या एका घरचा माणूस वाटू लागतो.

लढणाऱ्यांची लहान रंगीत प्रतिमा करण्याची रीत फार जुनी आहे. इजिप्तमधील असयूत येथे मेसेहती या अधिकाऱ्याच्या थडग्यात, सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचे, रंगवलेले ४० लाकडी भालाईत आणि ४० तिरंदाज सापडले. आपल्याकडे गावोगावी दिसणारे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्यांचे स्मृतिदगड, याच रीतीतले. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा आणि चंद्रसूर्य. बहुतेक वीरगळांवर नाव नसते. मातीच्या मावळ्यालाही नसते. घोडखिंडीत (१६६०) बाजीप्रभूंबरोबर आणि कोंढाण्यावर (१६७०) तानाजींबरोबर जे पडले, त्यांतल्या बहुतेकांची आठवण एवढ्याच रूपात घरात येते.

बीड जिल्ह्यात मूर्ती रंगवण्याच्या या कलेला हक्काचा विषय आहे. धारूरचा किल्ला तर आहेच; पण त्याहून मोलाची आहे गेवराई तालुक्यातील राक्षसभुवनची लढाई. हैदराबादचा निजाम, निजामअली, याने १७६३ मध्ये पुणे लुटून जाळले. त्याच वर्षी १० ऑगस्टला, तो गोदावरी उतरून उत्तर तीरावर गेला असता, दक्षिण तीरावर मागे राहिलेल्या त्याच्या फौजेला पेशव्यांनी गाठले. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. माधवराव पेशवे तेव्हा अवघे १८ वर्षांचे होते. निजामाबरोबर आलेले नागपूरचे जानोजी भोसले लढाईआधीच पेशव्यांकडे वळले होते, त्यामुळे कोण कोणत्या बाजूचा हे नुसत्या पागोट्यावरून ओळखता येणार नाही.

हा देखावा मांडायचा तर बाजारातला पायी मावळा पुरत नाही. इथे डोंगर नाही, नदीकाठ आहे. लांब भाल्यांचे घोडेस्वार हवेत, आणि पावसाळ्यात फुगलेली गोदावरी हवी. पाणी निळे रंगवू नये. श्रावणातली गोदा गढूळ असते.

बीडच्या शाळांनी येत्या दिवाळीत एक तरी राक्षसभुवन मांडावे, आणि नदीच्या दोन्ही तीरांवरचे शिपाई सारख्याच काळजीने रंगवावेत.