नर्सबाईंचा मान कुठून आला?



आपल्याकडं एखाद्या जुन्या नर्सबाई वारल्या, की अंत्ययात्रेत दोन प्रकारची माणसं दिसतात. एक त्यांच्या घरची: मुलं, सुना, भाचे, नातवंडं. यांची शिक्षणं बाईंच्या पगारावर झालेली असतात. दुसरी गावची, ज्यांची नाळ बाईंनी कापलेली असते. रडतात दोघंही सारखीच.

दहाव्याला लोक सांगतात, बाई फार मायाळू होत्या, त्यांच्या हाताला गुण होता. खरं आहे ते. पण माया आपल्या प्रत्येकीच्या आजीकडं होती. नर्सबाईंचा मान नुसत्या मायेवर उभा राहिला नाही. तो शिक्षणावर उभा राहिला, आणि ते शिक्षण बायकांनी अपमान सोसून मिळवलं. आज आपण त्याचाच इतिहास बघू.

सुरुवात करू देवराष्ट्रे गावापासून. सांगली जिल्ह्यातल्या या गावात 1862 साली रमाबाई रानडे जन्मल्या. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं. लिहायला-वाचायला त्या सासरी आल्यावर शिकल्या. नवरा शिकवायचा आणि घरातल्या बायका टोमणे मारायच्या. 1901 साली रमाबाई विधवा झाल्या. पण त्या कोपऱ्यात बसून राहिल्या नाहीत. 1909 साली त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं आणि 1911 पासून सेवासदनच्या बायका ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घेऊ लागल्या.

आज हे वाचताना सोपं वाटतं. त्या काळात कसं होतं, बघा. बाळंतपण म्हणजे विटाळ. बाळंतिणीच्या खोलीत घरचं माणूसही जपून जायचं. आणि इथं तर परक्या माणसाला हात लावायचा, तोही कुठल्याही जातीचा. जखमा धुवायच्या, रात्रपाळी करायची. चांगल्या घरच्या बाईनं हे काम करू नये, असंच लोक म्हणायचे. मग या शिक्षणाला पुढं कोण आलं? बऱ्याच जणी विधवा होत्या. ज्यांना घरात मान नव्हता, सणाला पुढं येऊ देत नव्हते, पोटाला दुसऱ्याच्या तोंडाकडं बघावं लागत होतं, अशा बायका.

सेवासदनच्या एका समारंभातली गोष्ट सांगतात. एक विधवा विद्यार्थिनी आपल्या त्या विधवेच्या वेशातच बक्षीस घ्यायला मंचावर आली. कॉलेजातल्या तरुण पोरांनी तिची टर उडवली. रमाबाई बोलायला उठल्या आणि त्यांनी पोरांना चांगलंच सुनावलं. तुमच्यापैकी कुणाच्या घरात अशी बहीण किंवा आई नाही, असा त्यांचा सवाल होता. पुढं गावोगावच्या नर्सबाईंना जो मान मिळाला, त्याच्या पायाशी अशा बायकांनी गिळलेला अपमान आहे.

स्वातंत्र्य जवळ आलं, तेव्हा 1946 साली भोर समितीनं सांगितलं की आरोग्यसेवा शहरात अडकून राहू नये, खेड्यापर्यंत गेली पाहिजे. 1952 पासून समूह विकास योजनेत प्राथमिक आरोग्य केंद्रं उभी राहू लागली. त्यांच्या पुढं उपकेंद्रं आली. सपाटीवर 5,000 लोकांमागं एक, आणि डोंगरी व आदिवासी भागात 3,000 लोकांमागं एक, असं त्यांचं प्रमाण ठरलं. या उपकेंद्रात ज्या बसल्या, त्या एएनएम. म्हणजे आपल्या नर्सबाई.

त्यांनी गावात नेमकं काय आणलं? एक धनुर्वाताचंच घ्या. नाळ कापायला विळा, नाहीतर बांबूची कामटी, आणि वर राख नाहीतर शेण. बाळ चांगलं जन्मायचं, अंगावर प्यायचं, आणि आठवड्याभरात त्याचा जबडा आवळायचा. लोक म्हणायचे, बाहेरचं झालं. नर्सबाईंनी पाच गोष्टी शिकवल्या. हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पातं स्वच्छ, नाळ बांधायचा दोरा स्वच्छ, आणि कापलेल्या नाळेवर काही लावायचं नाही. सोबत गरोदर बाईला धनुर्वाताची सुई. गरोदरपणात सुई टोचू नका म्हणून दार लावून घेणाऱ्या सासूबाईही होत्या. त्या दारात बाई पुन्हा पुन्हा गेल्या. 2015 साली आई आणि नवजात बाळाच्या धनुर्वाताचं भारतातून उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. पोलिओचा शेवटचा रुग्ण देशात जानेवारी 2011 मध्ये सापडला. या कामाची पायपीट नर्सबाईंनी केली, आणि 2005 नंतर आशाताई त्यांच्या सोबतीला आल्या.

इथं आपल्या सुईणीलाही विसरून चालणार नाही. नर्सबाई यायच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या तिनंच बायका सोडवल्या. ती बहुतेक वेळा दलित नाहीतर गरीब घरातली असायची. तिला पायलीभर धान्य आणि जुनं लुगडं मिळायचं. काम झालं की तिचाच विटाळ धरायचे. शहाण्या नर्सबाईंनी तिला हाकललं नाही. तिला जवळ बसवलं, तिच्या हातातलं कसब ओळखलं आणि स्वच्छता शिकवली. नर्सबाईंना पगार आणि पेन्शन मिळालं, सुईणीला त्यातलं काहीच मिळालं नाही. हेही आपल्या इतिहासात लिहिलं पाहिजे.

आता घरातल्या नर्सबाई बघू. आपलं तान्हं आईकडं नाहीतर सासूकडं ठेवून या बायका दुसरीची कूस मोकळी करायला मध्यरात्री बाहेर पडल्या. दर बदलीला संसार ट्रकमध्ये भरला. त्यांच्या पगारातून दिरांची शिक्षणं झाली, नणंदांची लग्नं झाली, घरावर पत्रा चढला. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातली थोरली बाई कुटुंबप्रमुख धरली. नर्सबाईंच्या घरात ते आधीपासूनच होतं, फक्त कागदावर नव्हतं. म्हातारपणीही घरातला मोठा निर्णय त्यांना विचारल्याशिवाय होत नसे, आणि शेजारची सून ताप आलेलं लेकरू घेऊन आधी त्यांच्याच ओट्यावर यायची.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सरपंचांच्या नावांची पाटी असते. गावातल्या नर्सबाईंची अशी पाटी आम्ही अजून पाहिलेली नाही. आणि त्या पिढीतल्या बायका आता एकेक करून चालल्या आहेत. त्या गेल्यावर त्यांच्या घरचे म्हणतील मायाळू होत्या, आणि तेवढंच मागं उरेल.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. तुमच्या भागातल्या निवृत्त नर्सबाईंकडं दोघी-तिघी जा. शिक्षण कुठं झालं, पहिली नेमणूक कुठली, किती वाड्या पायी फिरायच्या, कुणी दार लावून घेतलं, पहिल्या पगाराचं काय केलं, हे विचारा. सुईणीचं नाव आठवतं का, तेही विचारा. त्यांची हरकत नसेल तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. वहीची सोय नसेल तर बचतीच्या रजिस्टरची मागची पानं कोरीच असतात.