1 एप्रिल 1974 : कायद्यातली तारीख आणि कोर्टातली तारीख

माझा विषय रासायनिक विश्लेषकाचे अहवाल. कोर्टात सगळे त्याला 'सीए रिपोर्ट' म्हणतात. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 510 होतं. त्यामुळे हा अहवाल विश्लेषकाला साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून वापरता यायचा. केमिस्ट्री शिकून आलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून आनंदच झाला: चला, विज्ञान थेट कोर्टात! पण कागद स्वतःहून बोलत नाही. मुद्देमाल सील करताना काय झालं, तो प्रयोगशाळेत कधी पोहोचला, अहवालातला नमुना आणि पंचनाम्यातली वस्तू एकच आहे का, ही साखळी कोर्टापुढे जोडून दाखवणारा माणूस वेगळाच असतो. तो म्हणजे सरकारी वकील. म्हणून मला त्याच्या इतिहासात शिरावं लागलं आणि तिथे मी चांगलाच आपटलो.

आधी थोडी पार्श्वभूमी. 1898 च्या संहितेत सत्र न्यायालयातला खटला 'पब्लिक प्रॉसिक्युटर'ने चालवायचा, हे स्पष्ट होतं. तो बहुधा वकिलीत मुरलेला, सरकारने नेमलेला माणूस. खाली न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात मात्र वेगळं चित्र होतं. फौजदारी खटल्यांचा मोठा ढीग तिथेच असतो, आणि तिथे 'पोलीस प्रॉसिक्युटर' उभे राहत. ते पोलीस खात्याचेच नोकर. ज्याने त्या गुन्ह्याच्या तपासात भाग घेतलाय, त्या पोलीस अधिकाऱ्याने तोच खटला चालवू नये, एवढी काळजी कलम 495 ने घेतली होती. पण दुसऱ्याने तपास केला आणि त्याच खात्यातल्या माणसाने खटला चालवला, तर कायद्याची हरकत नव्हती.

यात बिघडलं काय, असं वाटेल. सरकारी वकिलाचं काम आरोपीला कसंही करून शिक्षा मिळवून देणं नाही. पुरावा लंगडा असेल तर तसं सांगणं, आरोपीच्या बाजूची गोष्ट हाती लागली तर ती न लपवणं, हेही त्याचंच काम. आता कल्पना करा: तुमचा गोपनीय अहवाल पोलीस अधिकारी लिहिणार, बदली तो करणार, आणि तुम्ही त्याच खात्याला सांगायचं, 'साहेब, तपासात भोक आहे.' किती जण सांगतील?

1958 मध्ये विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात नेमकं यावर बोट ठेवलं. अध्यक्ष होते मोतीलाल सेटलवाड, म्हणजे स्वतः मुंबई प्रांताचे महाधिवक्ता राहिलेले गृहस्थ. खटला चालवणारी यंत्रणा पोलिसांपासून वेगळी हवी, अशी शिफारस झाली. पुढे 1973 ची संहिता आली आणि 1 एप्रिल 1974 पासून लागू झाली. तिच्या कलम 25 मध्ये सहायक सरकारी अभियोक्ता हे पद आलं, आणि अपवाद वगळता पोलीस अधिकारी या पदाला पात्र नाही, असं सरळ लिहिलं.

बस्स! मी माझ्या कालपटावर 1 एप्रिल 1974 ला जाड रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'पोलीस आणि अभियोग यांची फारकत'. त्यावर दोन पानं विश्लेषणही लिहून टाकलं. सरांनी मसुदा वाचला आणि एकच प्रश्न विचारला: "त्या दिवशी या लोकांचा पगार कुठल्या खात्यातून निघाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर मिळालं ते शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1995 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात. नवी संहिता आल्यावर महाराष्ट्र सरकारने अधिसूचना काढून होत्या त्याच पोलीस प्रॉसिक्युटरांना सहायक सरकारी अभियोक्ता नेमलं. पाटी बदलली, पण प्रशासकीय आणि शिस्तीचं नियंत्रण पोलीस खात्याकडेच राहिलं. याविरुद्ध भांडले ते हे अभियोक्तेच, ही मला या प्रकरणातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते. शेवटी न्यायालयाने सरकारला सांगितलं की यांचं वेगळं संवर्ग करा, वेगळं अभियोग खातं उभारा, त्याचा प्रमुख थेट राज्य सरकारला जबाबदार असू द्या आणि पोलिसांचं नियंत्रण काढा. म्हणजे माझ्या जाड रेघेनंतर तब्बल 21 वर्षांनी!

आदल्याच वर्षी, 1994 मध्ये, हितेंद्र विष्णू ठाकूर खटल्यात टाडाखालच्या कोठडीची मुदत वाढवण्याचा प्रश्न होता. सरकारी वकील तपास यंत्रणेचा भाग नाही, पोलिसांची मागणी पुढे ढकलणारं पोस्ट ऑफिस नाही, त्याने स्वतःचं डोकं वापरून अहवाल द्यायचा, असं न्यायालय म्हणालं. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचा. एकीकडे न्यायालय स्वतंत्र डोकं मागतंय, दुसरीकडे कनिष्ठ कोर्टातल्या अभियोक्त्याच्या शिस्तीचा लगाम पोलिसांच्या हातात.

माझा मसुदा अर्थातच फाडला. एक रेघ गेली, तिथे 1974 ते 1995 असा राखाडी पट्टा आला, आणि त्या पट्ट्यातला प्रत्येक सीए रिपोर्ट मला पुन्हा तपासावा लागतोय, म्हणजे तो कोर्टात मांडणारा कुणाच्या हाताखाली होता हे बघून. कामं वाढली ती वाढलीच. तुम्ही कुठल्याही संस्थेवर काम करणार असाल तर कलमासोबत नेमणुकीचे आदेश आणि सेवेची प्रकरणंही मागा. ती कंटाळवाणी असतात, पण वरचा प्रश्न तिथेच सुटतो.

1995 ला तरी जाड रेघ मारावी का? मी मारलेली नाही. 2005 च्या दुरुस्तीने कलम 25-अ आलं आणि राज्यांना अभियोग संचालनालय स्थापन करण्याची तरतूद मिळाली, पण संचालकावर प्रशासकीय नियंत्रण ठेवलं गृह विभागाच्या प्रमुखाचं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 20 मध्येही संचालनालय गृह विभागाच्याच नियंत्रणाखाली आहे. पोलीसही गृह विभागाखालीच येतात. कालपटाचं हे टोक मी सध्या पेन्सिलीने काढून ठेवलंय.