भेटीची वेळ : रविवारी दोन ते चार

ज्यांना गर्दीत इयरफोन सापडत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे आजचा भाग लिहून देतेय.

गेल्या पावसाळ्यात माझा अडीच वर्षांचा भाचा न्यूमोनियाने अ‍ॅडमिट होता. चार दिवस आयसीयूत. हॉस्पिटलचं नाव नको, नियम सांगते : आईने सकाळी अर्धा तास भेटायचं, संध्याकाळी अर्धा तास. बाकी दिवसभर ताई जिन्यात बसून. पहिले दोन दिवस त्याचं रडणं दाराबाहेर ऐकू यायचं. तिसऱ्या दिवशी एकदम शांत. मी ताईला म्हटलं, "बघ, रुळला." रात्रपाळीच्या सिस्टर घरी निघाल्या होत्या, त्या थांबल्या. म्हणाल्या, "रुळला नाहीये हो. रुसलाय."

हा नियम आला कुठून, हे मी त्या दिवसापासून शोधतेय. माग लागला तो लंडनपर्यंत.

१९४९ साली तिथल्या 'स्पेक्टेटर' साप्ताहिकात एक पत्र छापून आलं. त्यात मोठमोठ्या हॉस्पिटलांतल्या मुलांना भेटायच्या वेळा होत्या. गाइज हॉस्पिटल : रविवारी दोन ते चार. चेरिंग क्रॉस : रविवारी तीन ते चार. म्हणजे आठवड्यातून एक तास! सेंट थॉमसमध्ये पहिला महिना भेट नाहीच, पण संध्याकाळी सात ते आठ आईबापांनी झोपलेलं मूल बघून जायचं. लंडन हॉस्पिटलमध्ये तीन वर्षांखालच्यांना आडोशापलीकडूनच बघायचं. वेस्ट लंडनमध्ये तर भेटच नाही.

आता लगेच "किती दुष्ट लोक" म्हणू नका. घटसर्प, गोवर, स्कार्लेट फीव्हर एका खाटेवरून दुसरीकडे जायचे आणि वॉर्ड रिकामे करायचे. पेनिसिलिन सर्रास मिळायला लागलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. त्यामुळे बाहेरून येणाऱ्या माणसाची भीती खरी होती. दुसरं कारण मात्र वेगळं होतं. आई येऊन गेली की मूल रडतं, आली नाही की शांत असतं. मग न आलेलीच बरी, नाही का?

नर्सेसना हे दिसत नव्हतं का? कामाची वाटणीच अशी होती की दिसणं कठीण. एकीने सगळ्यांचे ताप बघायचे, दुसरीने सगळ्यांना अंघोळ घालायची, तिसरीने भरवायचं. दिवसभरात मुलाच्या अंगाला कितीतरी हात लागत, पण संपूर्ण दिवस एका मुलाजवळ कुणीच नसे.

ते काम केलं जेम्स रॉबर्टसन या स्कॉटिश माणसाने. हा डॉक्टर नव्हता. युद्धकाळात अ‍ॅना फ्रॉइड यांच्या हॅम्पस्टेडच्या पाळणाघरांत तो बॉयलर सांभाळायचा, दुरुस्त्या करायचा. (मला हा माणूस इथेच आवडला.) पुढे १९४८ मध्ये तो टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जॉन बोल्बी यांच्याबरोबर काम करायला लागला आणि वॉर्डात नुसता बसून मुलं बघायला लागला. त्याला तीन टप्पे दिसले. आधी आक्रोश, मग हताशा, मग अलिप्तपणा. या तिसऱ्या टप्प्यातलं मूल खातं, खेळतं, हसतंसुद्धा, पण आई आली तर मान फिरवतं. वॉर्डाच्या भाषेत, रुळलेलं मूल.

कुणी ऐकेना, म्हणून त्याने कॅमेरा घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस दाखल झालेली लॉरा, वय दोन वर्षं पाच महिने. तिला मुद्दाम निवडलेलं नव्हतं. 'सोयीचं तेवढंच चित्रित केलं' असं कुणी म्हणू नये म्हणून रोज ठरलेल्या वेळी शूटिंग, आणि भिंतीवरचं घड्याळ फ्रेममध्ये. मूकपट, काळा-पांढरा. लॉरा फार रडत नाही, आणि तेच बघवत नाही. रडू गिळत ती मधूनमधून आईबद्दल विचारते. घरी जाताना आईने पुढे केलेला हात ती धरत नाही.

नोव्हेंबर १९५२ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये फिल्म दाखवली, तर डॉक्टर-नर्सेस खवळल्या. आमची बदनामी आहे, फिल्म मागे घ्या! डर्मॉड मॅकार्थी नावाचे बालरोगतज्ज्ञही आधी चिडले. पण नंतर स्वतःच्या वॉर्डात त्यांना तेच रडणं ऐकू यायला लागलं. मग अ‍ॅमर्शमला त्यांच्या वॉर्डात सिस्टर आयव्ही मॉरिस यांच्या देखरेखीत आया मुलांजवळ राहू लागल्या, आणि रॉबर्टसनची १९५८ची दुसरी फिल्म तिथलीच आहे.

आणि संसर्गाचं काय? त्याचं उत्तर आधीच मिळालेलं होतं. न्यूझीलंडमध्ये हेन्री आणि सेसिली पिकरिल हे सर्जन दांपत्य फाटलेल्या टाळूची ऑपरेशनं करायचं. बाळाची देखभाल आईनेच करायची, अशी त्यांची पद्धत. मूल एकाच माणसाच्या हातात राहिलं की एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा संसर्ग कमी झाला!

१९५९ मध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने ब्रिटिश सरकारला सांगितलं, भेटीवर बंधन नको आणि पाच वर्षांखालच्या मुलाबरोबर आईलाही राहू द्या. कागदावर सगळं छान. हॉस्पिटलं मात्र हलेनात. शेवटी १९६१ मध्ये लंडनच्या बॅटरसी भागातल्या काही आयांनी संघटना काढली आणि पाठपुरावा सुरू केला.

आपल्याकडे जनरल वॉर्डात आई खाटेखाली चटई टाकून झोपते, तो प्रश्नच वेगळा. आपला नियम काचेच्या दारापासून सुरू होतो. नवजात बाळांच्या सरकारी कक्षांत आईवडिलांना आत घेऊन काळजी घ्यायला शिकवा, अशा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना आल्या त्या २०१७ मध्ये.

त्या सिस्टरना नियम बदलता येत नव्हता. पण त्यांनी ताईची ओढणी मागून घेतली. धुतलेली नको, अंगावरचीच द्या म्हणाल्या, आणि भाच्याच्या उशाशी ठेवली. घरी आल्यावर दोन दिवस तो ताईकडे जाईना. माझ्याच कडेवर. मला तर भारी वाटलं होतं. लॉराची फिल्म मी नंतर पाहिली.

तुम्ही लहानपणी कधी अ‍ॅडमिट होता का? आईला विचारा, तेव्हा ती कुठे झोपली होती. उत्तर व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या भागात ऐकवते.