गिऱ्हाईक चालते, नोकर का नाही?

दुकानात कोणाला कोणत्या कामावर ठेवायचे, हे मालकानेच ठरवायचे, अशी आपली साधी समजूत. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीने १९३४ साली तिला धक्का दिला.

तेथे १२५ व्या रस्त्यावर ब्लुमस्टाइन यांचे भलेमोठे दुकान होते. गिऱ्हाईक बहुतेक कृष्णवर्णीय. पण कृष्णवर्णीयांना काम मिळे ते लिफ्ट चालवण्याचे, हमालीचे. माल दाखवायला, विकायला गोऱ्या मुली! पाद्री जॉन जॉन्सन आदींनी लोकांना सांगितले, की जिथे आपल्याला काम नाही तिथे खरेदीही नाही. दुकानापुढे निदर्शने सुरू झाली. काही आठवड्यांतच, जुलैअखेर, मालक नमले. ३५ कृष्णवर्णीय स्त्रिया घेण्याचे त्यांनी कबूल केले.

इथेच गोष्ट संपती तर बरे होते! घेतलेल्या मुली उजळ रंगाच्याच आहेत, अशी तक्रार उठली, आणि चळवळीतच फूट पडली. उजळपणाचे हे वेड आपल्याला काही नवे नाही म्हणा. त्यातच एका जोड्यांच्या दुकानाच्या खटल्यात न्यायालयाने निदर्शनांना मनाई केली; हा मजूर-तंटा नव्हे, असे म्हणून. पुढे १९३८ साली वॉशिंग्टनमधील किराणा दुकानांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने उलट निकाल दिला, आणि दुकानापुढे फलक घेऊन उभे राहण्याचा मार्ग पुन्हा खुला झाला.