होडी रेल्वेत बसली आणि कोलाडला आली

आजचा भाग एका पिशवीपासून सुरू होतो. दिवा-रोहा गाडीत मी ती सीटखाली कोंबत होतो. शेजारचे काका म्हणाले, "तंबू काय रे?"

म्हटलं, "नाही काका, होडी आहे. हवा भरायची."

काका हसले. "होडी पाण्यातून जाते बाबा, रुळावरून नाही!"

पण ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. 1905 मध्ये म्युनिकच्या आल्फ्रेड हॉयरिश या विद्यार्थ्याने बांबूचा सांगाडा आणि कापड वापरून घडीची होडी बनवली. 1907 मध्ये रोझेनहाइमच्या योहान क्लेपर या शिंप्याने ते डिझाइन विकत घेतलं आणि होड्या विकायला काढल्या. पिशवीत भरा, रेल्वेने डोंगराकडे जा, नदीतून खाली या. ज्यांच्याकडे मोटार नव्हती, त्यांनाही दूरची नदी गाठता आली.

आणि कोलाडला तर अख्खे ट्रक रेल्वेत बसतात! 26 जानेवारी 1999 पासून कोकण रेल्वे भरलेले ट्रक इथून थेट गोव्यातल्या वेर्ण्याला नेऊ लागली. तीच ही रो-रो.

असो. रोह्याला उतरलो, रिक्षा केली, कोलाडच्या पुढे नदीवर पोचलो. एप्रिलचं ऊन. एरवी या दिवसांत कोकणातल्या नद्यांचे नुसते दगड दिसतात. कुंडलिका मात्र खळाळत होती. का बरं?

कारण हे पाणी घाटावरचं आहे. मुळशीला मुळा नदी अडवून टाटांनी धरण बांधलं. तिथलं पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडून 1927 पासून मुंबईसाठी वीज बनू लागली. वीज बनली की तेच पाणी कुंडलिकेत येतं. म्हणजे बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं.

यासाठी मावळातली गावं आणि भातखाचरं बुडाली. 1921 मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यात पुढे होते, त्यांनी तुरुंगवासही भोगला. धरण मात्र झालंच.

लाइफ जॅकेट चढवून, तिथल्या अनुभवी पोरांसोबत मी होडी पाण्यात लोटली. मजा आली, खोटं कशाला बोलू? पण वल्हं मारताना वाटत राहिलं, आपण कुणाच्या तरी शेतावरून आलेल्या पाण्यावर तरंगतोय.

कोलाडचं रील टाकाल, तेव्हा मुळशीचं नावही घ्या. भेटू पुढच्या भागात!